आधी कायदा, मग नाव : हॅम्पशायरच्या ताईंना दापोलीहून

सप्रेम नमस्कार ताई,

आभारबिभार तुम्हाला चालत नाहीत, हे पहिल्याच फोनवर कळलं होतं. "मला तरी रिटायर झाल्यावर दुसरं काय काम आहे?" असं म्हणून तुम्ही सरळ पावसाची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. चार लोकांच्या देखत मानलेले आभार असे झटकून टाकता येत नाहीत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दापोली ही इंग्रजांची जुनी छावणी, म्हणून तर जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. त्या काळातल्या गोऱ्यांची थडगी इथे करवंदीच्या जाळ्यांत आहेत. शाळेतल्या पोरांना घेऊन आम्ही तिथली साफसफाई करत होतो, तेव्हा एका शिळेवर तरुण बाईचं नाव, नवऱ्याचा हुद्दा आणि इंग्लंडमधल्या हॅम्पशायर परगण्यातल्या एका खेड्याचं नाव वाचता आलं. नावं मी इथे देत नाही. तिकडे त्या घराण्यातली माणसं असतील, त्यांना विचारल्याशिवाय जाहीर करायचं नाही असं आपलं ठरलंय. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मुंबईच्या तर १७०९ पासूनच्या. बाईचं दफन त्यात मिळालं. लग्न मिळेना. ती लग्न करूनच बोटीत बसलेली असणार, एवढा अंदाज बांधून मी आतेभावाच्या ओळखीतून तुम्हाला, तिकडच्या चर्चच्या जुन्या वह्या वाचणाऱ्या ताईंना, गाठलं.

मला वाटलं होतं, तुम्ही नोंदीचा फोटो पाठवाल आणि काम संपेल. तुम्ही उलट मलाच कामाला लावलंत. "लग्न १७५४ च्या आधीचं की नंतरचं? आणि १८३७ च्या आधीचं की नंतरचं? आधी कायदा विचार, मग नाव शोध." कोणाला एखाद्या बाईचं लग्न शोधायचंय आणि ह्या कायद्याचं काय घेऊन बसल्यात, असं मनात आलं होतं, खरं सांगतो. पण तुमची ती एक ओळ नसती तर पुढचं काहीच वाचता आलं नसतं.

कारण इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चची लग्नाची वही म्हणजे काही एकच वही नाही. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं फर्मान काढलं, की प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चखालच्या गावानं, वही ठेवायची, आठवड्यातली लग्नं, बाप्तिस्मे आणि दफनं रविवारी त्यात उतरवायची आणि वही कुलपाच्या पेटीत ठेवायची. लोकांना वाटलं, झालं, आता यावर कर बसणार! (तो बसला, पण १६९५ मध्ये.) सुरुवातीच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी कागदावर होत्या. १५९८ मध्ये हुकूम आला, की सगळं चर्मपत्रावर नकलून काढा, निदान पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचं (१५५८) तरी. नकलणाऱ्यांनी त्या 'निदान'चा पुरेपूर फायदा घेतला. म्हणून कित्येक गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होतात आणि त्याआधीची वीस वर्षं गायब. त्या काळच्या नोंदीत काय असतं? तारीख, नवरा, नवरी. संपलं. सही नाही, साक्षीदार नाहीत, कधीकधी नवरीचं आडनावसुद्धा नाही.

त्यातही तारखेची मेख आहेच. १७५२ पर्यंत तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७३१ असं लिहिलेलं लग्न आपल्या हिशेबानं १७३२ चं. बाईच्या खापरपणजोबांपर्यंत मागे जाताना तुम्ही हे आधीच सांगून ठेवलंत. नाहीतर लग्नाआधी मूल दाखवून मी एका भल्या घराण्याची विनाकारण अब्रू घालवली असती.

खरा फरक पडला तो लॉर्ड हार्डविकच्या कायद्यानं. १७५३ मध्ये मंजूर झाला, २५ मार्च १७५४ पासून लागू. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन झटपट लग्नं लावणारे पाद्री बसलेले असत. ना घरच्यांना पत्ता, ना गावाला. नव्या कायद्यानं सांगितलं, की क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांचं लग्न चर्चमध्येच लागेल. त्याआधी एक तर तीन रविवार चर्चमध्ये लग्नाचा जाहीर पुकारा व्हायला हवा, नाहीतर बिशपकडून लायसन्स घ्यायला हवं. लग्नाची वही वेगळी, आणि नोंदीखाली वर, वधू, पाद्री आणि दोन साक्षीदार या सगळ्यांच्या सह्या. खोटी नोंद करणाऱ्याला शिक्षा काय, तर फाशी.

हे वाचून मी बिचकलो, तेव्हा तुम्ही स्टीव्हन्टनची गोष्ट सांगितलीत. ती इथे सांगायलाच हवी. तुमच्याच हॅम्पशायरमधलं ते खेडं, आणि तिथले रेक्टर, म्हणजे पाद्री, जॉर्ज ऑस्टिन म्हणजे लेखिका जेन ऑस्टिनचे वडील. वहीच्या सुरुवातीला नोंद कशी करावी याचा छापील नमुना होता, रिकाम्या जागा सोडलेला. तरुण जेननं वडिलांच्या त्या सरकारी वहीत स्वतःची लग्नं लावून टाकली! पुकाऱ्याच्या नमुन्यात नवरा लंडनचा हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्झविल्यम. खाली लग्नाच्या नमुन्यात लिव्हरपूलचा एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर. आणि सह्यांच्या जागी कोण? जॅक स्मिथ आणि जेन स्मिथ, पूर्वाश्रमीची ऑस्टिन. दोन भारदस्त नवरे करून झाल्यावर शेवटी सही जॅक स्मिथची. नमुन्याचं पान म्हणजे नोंद नव्हे, त्यामुळे मान वाचली. प्रत्यक्षात ती १८१७ मध्ये अविवाहितच वारली. वही आज विंचेस्टरच्या अभिलेखागारात आहे. तुम्ही ते पान समजावून सांगताना फोनवर इतक्या हसत होतात, की माझ्या बायकोनं आतून विचारलं, "कोणाचं लग्न ठरलं?"

पण त्या हसण्यातच तुम्ही मला फॉर्म पाठ करून दिलात. अमुक, या पॅरिशचा. तमुक, या पॅरिशची. यांचं लग्न या चर्चमध्ये पुकाऱ्यानं किंवा लायसन्सनं लागलं. १८१३ नंतरच्या छापील वहीत पुढे आणखी एक रिकामी जागा येते: 'यांच्या संमतीनं'.

आमची बाई १८२० च्या दशकातली. म्हणजे १७५४ नंतरची आणि १८३७ च्या आधीची. याचा अर्थ नोंदीत सह्या मिळणार, पण वय मिळणार नाही आणि बापाचं नावही नाही. ते रकाने १ जुलै १८३७ ला सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा आले. नोंद सापडली तेव्हा माझा चेहरा पडला होता. त्या पॅरिशमध्ये त्या आडनावाची तीन घरं. यातली ही कोणाची लेक, कसं कळणार?

तुम्ही विचारलंत, "संमतीच्या जागी काय लिहिलंय ते वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. अक्षर बारीक होतं आणि ती छापील भर्ती असेल असं धरून चाललो होतो. तिथे शाईनं लिहिलं होतं: तिच्या वडिलांच्या संमतीनं, आणि पुढे वडिलांचं नाव. लग्न लायसन्सवरचं होतं. एकविसाच्या आतल्या मुलीला लायसन्सवर लग्न करायचं तर बापाची संमती लागायची. म्हणजे एका झटक्यात दोन गोष्टी मिळाल्या. बाप कोण ते कळलं, आणि पोरगी लग्नाच्या वेळी एकविसाची नव्हती हेही कळलं. जो रकाना त्या काळात नव्हताच, त्याचं उत्तर कायद्यानं दुसऱ्याच दाराने आत आणून ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग तुम्ही साक्षीदारांकडे वळवलंत. दोन नावं होती. त्यातल्या एका पुरुषाच्या नावावर मी आख्खं प्रकरण रचलं होतं: मामा असेल, नवऱ्याचा लष्करातला दोस्त असेल. तुम्ही म्हणालात, मागची-पुढची पानं उलटून बघ. बघितलं तर हा गृहस्थ प्रत्येक लग्नाला हजर! मजुराच्या लग्नात हा, सुताराच्या लग्नात हा. चर्चचा पगारी क्लार्क तो. माणूस कमी पडला की सही ठोकायला सदैव तयार. दुसरी सही मात्र बाईमाणसाची, नवरीच्याच आडनावाची. अक्षराची उजवीकडची तिरकी ओढ दोघींची सारखी, आडनावाच्या शेवटच्या अक्षराची खाली काढलेली शेपटीही सारखी. दोघी एकाच घरात, एकाच शिक्षिकेकडे गिरवायला शिकल्या असणार. बहीणच ती; बाप्तिस्म्याच्या वहीत नंतर ती मिळालीही. दापोलीच्या मातीत गेलेल्या बाईला एक बहीण होती आणि ती लग्नात शेजारी उभी होती, हे शिळेवर कुठे लिहिलेलं नाही.

त्याच पानावर वरच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्या जागी फुल्या होत्या. पाद्री बाजूला लिहितो, 'ही अमुकची खूण'. आपल्याकडे अंगठा, तिकडे फुली. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये साधारण दोनतृतीयांश नवरे आणि निम्म्या नवऱ्या स्वतःची सही करू शकत होत्या, हा हिशेब इतिहासकारांनी याच वह्यांतून मांडलाय. दुसरीकडे कुठे इतक्या गोरगरिबांच्या हातची अक्षरं जपलेली सापडणार? तुम्ही मात्र एक सावधगिरीही शिकवलीत: फुली आहे म्हणजे निरक्षर, असं लगेच म्हणू नकोस. नवऱ्याला सही येत नाही म्हणून नवरीनंही गपचूप फुली मारली, असंही झालेलं असू शकतं. हे तुम्ही सांगितलंत आणि मी थोडा वेळ गप्पच बसलो.

महिन्यांची गंमतही तुमच्यामुळेच दिसली. पानांमागून पानं चाळताना लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत लग्नं विरळ, आणि शेतीच्या गावांत ऑक्टोबर भरगच्च. सुगी संपली, सप्टेंबरअखेरीस मायकलमसच्या सणाला सालगड्यांचे करार सुटले, हातात पैसे आले, की बार उडायचे. आपल्याकडे चातुर्मास संपून तुळशीचं लग्न लागलं की मंडपवाल्याचा फोन लागत नाही, तसंच. आणि ही सगळी लग्नं सकाळी आठ ते बाराच्या आत! १८८६ पर्यंत दुपारचं लग्न चालत नसे.

आता तुमच्या कामाविषयी, कारण ते तुम्ही स्वतः कधीच सांगणार नाही. रत्नागिरीची माहेरवाशीण, तिकडे आयुष्य काढलं, नोकरी संपली आणि परक्या गावातल्या परक्या लोकांची लग्नं स्क्रीनवरून एकेक ओळ टायपून काढताय. फ्रीरेगसारख्या, जुन्या चर्च-नोंदी ऑनलाइन देणाऱ्या उपक्रमात हे सगळं फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं होतं. मला जी नोंद दोन बटणं दाबून सापडली, ती तुमच्यासारख्याच कुणीतरी आधी डोळे फोडून वाचलेली होती. ओल लागलेलं पान, उंदरानं कुरतडलेला कोपरा, ऐकू येईल तसं आडनाव लिहिणारा पाद्री. एकच घराणं तीन नोंदींत तीन स्पेलिंगनी. तुम्ही म्हणालात, "जे लिहिलंय तेच टायपायचं, आपली अक्कल चालवायची नाही." आणि पान वाचवण्यापलीकडे गेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नकल बघायची. ही नकलेची वाट मला कुणीच सांगितली नसती. आमच्या बाईच्या आजीचं लग्न तिच्यातूनच निघालं, कारण मूळ वहीत तिथे फक्त तपकिरी डाग आहे.

एका गोष्टीवर आपलं जमलं नाही, तेही लिहून टाकतो. तुमचं म्हणणं, त्या काळच्या मानानं ह्या वह्या फारच नेटक्या. माझं म्हणणं, ज्या वहीत वराचा बाप आहे, वधूचा बाप आहे, बापांचे धंदेसुद्धा आहेत आणि आई कुठेच नाही, ती वही अर्धीच. १८३७ चा तो नमुना इंग्लंडमध्ये ४ मे २०२१ पर्यंत चालला. तेव्हा कुठे आईची नावं नोंदीत आली. आमच्या बाईची आई शोधायला बाप्तिस्म्याच्या वहीत जावं लागलं, आणि तिथेही फक्त पहिलं नाव. तिचं माहेर अजून सापडलेलं नाही. तुम्ही म्हणता सापडेल. तुम्ही म्हणताय म्हणजे सापडेल.

पोरांनी दफनभूमीत लावायला छोटा फलक तयार केलाय, मराठीत. शेवटी तुमचं नाव घालायचं होतं, पण तुमच्या धाकानं नाही घातलं. मसुदा वेगळा पाठवतोय. लग्नाची तारीख आणि गावाच्या नावाचा उच्चार एवढं तपासून कळवा. रंगारी गुरुवारी येणार आहे, त्याच्या आत कळलं तर बरं. आणि तुमच्या बहिणीकडे रत्नागिरीला आमसुलं आणि कोकम आगळ पोचवलंय, ती डिसेंबरात येताना आणेल. याला मात्र नाही म्हणू नका.

तुमचा,
दापोलीचा मास्तर