मी अजून दोन वर्षं लेस्टरलाच राहतेय

लेस्टर, १७ मे २०१६

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे सांगायला गेले की आई रडते आणि बाबा "हं हं" करून फोन परत तिच्याच हातात देतात, म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं कॉन्ट्रॅक्ट साइन केलंय, अजून दोन वर्षांचं. आधी सगळं वाचा, मग रागवा.

बाबा, तुम्ही विचारत होतात ना, "तुमच्या गावात एवढा कसला दंगा चाललाय?" अहो, इथली फुटबॉल टीम, लेस्टर सिटी, इंग्लंडची सगळ्यात मोठी लीग जिंकली. काल मिरवणूक होती, टीम उघड्या बसमधून फिरली, व्हिक्टोरिया पार्कपर्यंत नुसती टीमच्या निळ्या रंगातली माणसं, दोन लाख चाळीस हजार म्हणतायत, मला तर लक्ष्मी रोडवरचं विसर्जनच आठवलं, फक्त ढोल नाहीत. तुम्ही क्रिकेटवाले, तुम्हाला कळायला सांगते, सीझनच्या आधी बुकींनी या टीमच्या जिंकण्याला ५००० ला १ भाव दिलेला. त्याच्या आदल्या सीझनला चार-साडेचार महिने लीगच्या तळाला होते, शेवटच्या ९ पैकी ७ मॅच जिंकून कसेबसे वाचले. मग रानिएरी मॅनेजर म्हणून आला, साठी ओलांडलेला इटालियन, फेरो आयलंडसारख्या पिटुकल्या देशाकडून हरला म्हणून ग्रीसच्या टीमने त्याला काढलं होतं, इथे पेपरवाले हसले होते. आणि वार्डी, यांचा गोल मारणारा! आधी मोडलेल्या हाडाला बांधायच्या स्प्लिंट बनवायच्या फॅक्टरीत कामाला होता आणि आठवड्याला ३० पाउंडावर खेळायचा, या वर्षी सलग ११ मॅचमध्ये गोल. अख्ख्या सीझनमध्ये ३८ पैकी ३च मॅच हरले, त्यातल्या दोन एकट्या आर्सेनलकडून.

रानिएरी कितीतरी महिने एकच म्हणत होता, आधी ४० पॉइंट होऊ देत, म्हणजे खालच्या लीगमध्ये जायची भीती नाही, पुढचं पुढे. झाले शेवटी ८१! माझंही तसंच आहे हो बाबा. आधी लोन फिटू दे, तुमच्या नावावरचं ते ओझं मला बघवत नाही, मग तुम्ही म्हणाल तिथे येते. तिकडच्या पगारात ते कधी फिटणार, तुम्हीच सांगा. 

माझी काळजी करू नका. खोलीतला हीटर आता नीट चालतो, बेलग्रेव्ह रोडवर ज्वारीचं पीठ, कोथिंबीर, अगदी अळूची पानंसुद्धा मिळतात, दुकानातले गुजराती काका मला "बेटा" म्हणतात आणि परवा तर लीग जिंकल्याच्या खुशीत पेढेच हातावर ठेवले. भाकरी मात्र अजून तुझ्यासारखी फुगत नाही आई.

एक गोष्ट तुला सांगू की नको असं झालं होतं. २ मेला लेस्टरच्या मागे लागलेल्या स्पर्स टीमची मॅच होती, ते जिंकले नाहीत तर लेस्टर चॅम्पियन. सगळी टीम वार्डीच्या घरी टीव्हीसमोर, आणि हा मॅनेजर त्या दिवशी गेला कुठे, तर इटलीला, ९६ वर्षांच्या आईबरोबर जेवायला! संध्याकाळी परत आला, मॅच २-२ झाली, लीग यांची. आता तू म्हणशील बघ तो गेला आईकडे. अगं त्याचं विमान दोन-अडीच तासांचं, माझं बघ ना, आणि सुट्टीसाठी सहा महिने आधी अर्ज टाकायचा. पण ते वाचलं आणि त्या रात्री मला तुझी मऊ गोधडी हवी होती, ताप आल्यावर तू पायाशी गुंडाळायचीस ती, बाबा तळवे चोळत बसायचे, आणि मी मुद्दाम कण्हायचे.

दिवाळीला येतेय, नक्की, सुट्टीचा अर्ज टाकलाय. तोवर बाबा, शुगर दर महिन्याला लॅबमध्येच तपासायची, शेजारच्या मशीनवर नाही. रिपोर्टचा फोटो मला व्हॉट्सॅपवर पाठवायचा, "नॉर्मल आहे" असं तोंडी चालणार नाही. आई, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मावशीकडून कळतं मला, तू का लपवतेस? ऑपरेशनचं ठरलं तर तारीख आधी मला सांगायची, दिवाळीची सुट्टी मी पुढेमागे करून घेईन, भांडून घेईन. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, पाणी आलं की बादल्या बाबांनी भरायच्या. हो बाबा, तुम्हीच.

पैसे १ तारखेला टाकते. बँकेत ठेवून देऊ नका, कामवाल्या बाईंना दोन्ही वेळ यायला सांगा.

तुमची,
चिमी