दोन सीटच्या गाडीबद्दल सगळं, एकदाच

प्रिय आई-बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मागून दादा पण काहीतरी ओरडत असतो, त्यामुळे गाडीचा विषय दर वेळी अर्धवटच राहतो, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. बाबा, तुमचं म्हणणं मला कळतं, एवढ्या पैशात चार माणसांची धड गाडी आली असती, ही दोन सीटची, वरून कापडाचं छप्पर असलेली गाडी रोजच्याला काय कामाची? तर खरं सांगते, इथे इंग्लंडात शेफिल्डमधल्या आमच्या दोघांच्या संसाराला ती व्यवस्थित पुरते, आणि जिथे पुरत नाही तिथे काय करतो तेही लिहिते.

गाडी माझदा एमएक्स-5, 2017 चं मॉडेल, दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. बाबा, सेकंडहँड घेतली म्हणून काळजी करू नका, ही गाडी 1989 पासून निघतेय आणि 2016 मध्येच 10 लाखांचा आकडा पार झाला होता, त्यामुळे पार्ट सहज मिळतात आणि गल्लीतल्या गॅरेजवाल्यालाही ती आतून-बाहेरून माहिती असते. वजन एक टनाच्या जरासंच वर, म्हणून पेट्रोल फार पीत नाही, लिटरला 14-15 किलोमीटर सहज देते. लांबी 3.9 मीटर, म्हणजे दादाच्या स्विफ्टपेक्षा किंचितच जास्त, पार्किंगला मस्त. फक्त छप्पर लावलेलं असलं की मागच्या कोपऱ्यातलं दिसत नाही, लेन बदलताना आरसे बघून परत मान वळवून बघावंच लागतं.

आता डिकी. 130 लिटर, स्विफ्टच्या साधारण निम्मी. खोल आहे पण तोंड लहान, त्यामुळे कडक बॅग अडकते आणि कापडी बॅग दाबून बसवता येते, दोघांच्या दोन केबिन बॅगा जातात. छप्पर दुमडलं की ते सीटच्या मागे स्वतःच्या खणात जातं, डिकीतली जागा खात नाही, ही या गाडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कारण बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये छप्पर उघडलं की अर्धी डिकी गेली. मी शनिवारी एकटी इंडियन स्टोअरला जाते तेव्हा 10 किलो बासमती आणि भाज्या डिकीत, आणि आट्याची पिशवी शेजारच्या सीटवर, तिला बेल्ट लावून, कारण वजन ठेवलं की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि ती टुंग टुंग करत राहते. समोर ग्लोव्ह बॉक्स नाहीच, कागदपत्रं आणि चष्मा दोन सीटच्या मधे मागे एक कुलपाचा खण आहे त्यात. कपाट, टेबल असलं काही घेतलं तर होम डिलिव्हरी, ते तर दादरलाही आपण टेम्पोनेच आणायचो ना.

बाबा, आता तुमच्या काळजाचा प्रश्न, स्टेपनी नाही. हो, खरंच नाही. त्याऐवजी टायरमध्ये भरायचं एक द्रव्य आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो, खिळ्याचं भोक त्याने तात्पुरतं बंद होतं, टायर बाजूने फाटला तर मात्र टो करणाऱ्यालाच बोलवायचं. ती मेंबरशिप आम्ही घेतलीय.

पाऊस! आई, कापडाचं छप्पर म्हणजे आपल्या गॅलरीची ताडपत्री नव्हे. जाड, अनेक थरांचं असतं, मागे काच आहे आणि काचेला हीटरपण आहे. इथला पाऊस दिवसभर पिरपिर चालतो पण आत थेंब येत नाही. जपायचं असतं ते दुसरंच, छपरावरचं पाणी वाहून जायला सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात, त्यात पाला-माती अडकली की पाणी आत साचतं, कार्पेट भिजतं आणि कुबट वास बसतो तो जाता जात नाही. मी शरद ऋतूत पानं गळायला लागली की बोटांनी कचरा काढते, लवचिक बारीक नळी हळूच घालून साफ करते, मग मगभर पाणी ओतून खाली जमिनीवर पडतंय का बघते. झाडाखाली गाडी लावत नाही. छप्पर मऊ ब्रशने धुवायचं, प्रेशरचा पाइप जवळून मारायचा नाही, आणि वर्षातून एकदा वॉटरप्रूफिंगचा स्प्रे. ओलं किंवा गोठलेलं छप्पर दुमडायचं नाही, एवढं पाळलं की वर्षानुवर्षं टिकतं.

हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालून गंज धरतो, जुन्या मॉडेलमध्ये तर दाराखालचा पत्रा सडलेला हमखास दिसतो, म्हणून थंडीत खालून पाण्याने धुऊन घेते. इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाते, बर्फात ती चाकं घसरतात आणि शेफिल्ड म्हणजे नुसते चढउतार, तर बर्फ पडला की मी सरळ ट्रामने हॉस्पिटलला जाते, हट्ट नाही करत.

सेफ्टीचं विचारत होतात, सीटच्या मागे दोन भक्कम कमानी आहेत गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून, आणि युरोपात गाड्यांची धडक देऊन चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅपने 2015 मध्ये 5 पैकी 4 स्टार दिलेत. चोर ब्लेडने छप्पर कापू शकतो हे खरं, म्हणून गाडीत दिसेल असं काही ठेवायचंच नाही. हायवेवर आवाज येतो, ताशी 70 मैलांवर बोलायला आवाज चढवावा लागतो, लांबच्या प्रवासात मला तो नकोसा होतो.

पण कामावरून सुटल्यावर ऊन असलं की सिग्नलला उभ्या उभ्या आरशाजवळचा खटका काढायचा, एका हाताने छप्पर मागे ढकलायचं, झालं, काही सेकंदांचं काम. शहराबाहेर डोंगरातल्या स्नेक पासच्या रस्त्याने वर गेलं की ओल्या गवताचा वास, मेंढ्यांचा आवाज, सगळं थेट येतं. दिवसभर पेशंटचे खांदे-गुडघे हलवून दमलेली असते मी, घरी येईपर्यंत ताजी होते. याची किंमत मी खूप मोठी धरते बाबा, आणि ही गाडी घ्यायचं हेच खरं कारण आहे.

दादाला सांगा, मुंबईत घरातली एकुलती गाडी म्हणून असली गाडी अजिबात नको. माझदा भारतात विकतच नाहीत, बीएमडब्ल्यूची दोन सीटची झेड-4 घ्यायची तर ती कोटीच्या घरात जायची, आणि आपल्या कॉलनीच्या गेटवरचा स्पीडब्रेकरच तिचं पोट घासेल. मे महिन्यात उघड्या छपराखाली सायनच्या सिग्नलला कोण बसणार, जूनपासून चार महिने उघडायचा प्रश्नच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मरीन ड्राइव्हला मजा येईल, पण पुढे कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात सगळ्यांचा धूर थेट नाकात.

आणि तुमचं येणं. चौघं या गाडीत बसू शकत नाही, त्यात काही वाद नाही. तुम्ही असाल तेवढे दिवस आम्ही मोठी गाडी भाड्याने घेणार, मँचेस्टर एअरपोर्टवरून आणायला, फिरायला, सगळ्याला तीच. वर्षातून थोडे दिवस लागणाऱ्या दोन सीटसाठी वर्षभर मोठी गाडी पोसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, मी हिशोब मांडून बघितलाय. पण एकेकाला माझ्या गाडीतून नेणारच. आई, तुझ्या गुडघ्याचं मी पक्कं ठरवून ठेवलंय. छप्पर आधीच उघडून ठेवीन म्हणजे डोकं वाकवायला नको, दार पूर्ण उघडायचं, गाडीकडे पाठ करून आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरवायचे. उतरताना दोन्ही पाय बाहेर, पावलं जमिनीवर घट्ट, सीटच्या कडेला पुढे सरकायचं, मग मी हात देईन. दाराला धरून उठायचं नाही, ते हलतं. गुडघा जास्त दुखत असेल त्या दिवशी राहू दे, सीट खरंच खूप खाली आहे. पंजाबी ड्रेस घाल, साडीत पाय फिरवणं अवघड जाईल.

तिकिटं काढली की तारखा लगेच कळवा, उन्हाळ्यात भाड्याच्या गाड्या आधीच बुक होतात आणि तुमच्या त्या दोन मोठ्या बॅगा बघता मला स्टेशन वॅगनच हवीय.

तुमची,
मनू