कोलिस्टिन खरेदी करताय, तर चाचणीचीही सोय करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मूत्रपिंडाला अपाय करतं म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलेलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) अतिदक्षता विभागांत परतलं आहे. मेरोपेनेम या प्रभावी प्रतिजैविकालाही न जुमानणाऱ्या क्लेबसिएला या जंतूपुढे कित्येकदा तेवढंच हाताशी उरतं. केंद्राने २०१९ मध्ये जनावरं आणि कोंबड्यांसाठी ते बंद केलं, ते योग्यच होतं. रुग्णालयांतही तशीच शिस्त हवी.

नेहमीच्या डिस्क चाचणीवर (जंतू लावलेल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, औषधाची चकती ठेवून केलेल्या) कोलिस्टिनचा रिपोर्ट देण्यास मनाई करा. त्याचा मोठा रेणू आगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे प्रतिरोधी (औषधाला दाद न देणारा) जंतूही ‘सेन्सिटिव्ह’ (औषधाला दाद देणारा) ठरू शकतो. खात्रीची चाचणी जिल्हा रुग्णालयातही बसते, महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या चार नळ्यांत प्रत्येकी १० मिलि म्यूलर-हिंटन ब्रॉथ (जंतू वाढवायचा द्रव, कॅल्शियम-मॅग्नेशियम प्रमाणित केलेला) घ्यायचा. त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या कोलिस्टिन डिस्क अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार टाकायच्या. अर्ध्या तासाने तपासायच्या जंतूचं ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं ५० मायक्रोलिटर द्रावण घालून ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवायचं. दोन डिस्कच्या नळीतही वाढ दिसली, तर जंतू प्रतिरोधी. बिनडिस्कच्या नळीत वाढच नसेल, तर चाचणी फुकट गेली. प्लास्टिकच्या नळ्या चालणार नाहीत, कोलिस्टिन त्यांना चिकटतं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जंतूला मात्र ही पद्धत लावू नये. त्याचे नमुने ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसाठी (औषधाच्या चढत्या मात्रांत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीसाठी) वैद्यकीय महाविद्यालयाकडे जावेत. प्रोटियस आणि सेराशिया या जंतूंवर तर हे औषध मुळातच चालत नाही, म्हणून जंतूची ओळख आधी.

दुसरा घोळ मात्रेचा, आणि तो जिवावर बेततो. १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिग्रॅ कोलिस्टिमिथेट (इंजेक्शनमधलं, शरीरात कोलिस्टिन बनणारं रूप), पण कोलिस्टिन बेस (प्रत्यक्ष कोलिस्टिन) धरला तर सुमारे ३३ मिग्रॅ. बेसच्या हिशोबाने लिहिलेले ३०० मिग्रॅ कुणी कोलिस्टिमिथेट समजून भरले, तर रुग्णाला निम्म्याहूनही कमी औषध मिळतं. म्हणून केसपेपरवर फक्त युनिट लिहावेत. पहिला डोस ९० लाख युनिट, मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी. तो चुकवला की रक्तात औषधाची पातळी चढायला फार वेळ जातो, आणि सेप्सिसच्या (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो. पुढे मूत्रपिंड ठीक असेल तर दर १२ तासांनी ४५ लाख. नसेल तर त्याप्रमाणे कमी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्तचाचणी) रोज पाहावं, सोबत जेंटामायसिन (तेही मूत्रपिंडाला अपाय करतं) शक्यतो टाळावं.

कोलिस्टिनसारखी औषधं राखून ठेवायची, तर साध्या संसर्गाला साधी औषधं हवीत. साध्या मूत्रमार्ग संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन या प्रतिजैविकाच्या गोळ्या पुष्कळदा पुरतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असाव्यात.

पुढच्या खरेदी आदेशात कोलिस्टिनच्या व्हायलसोबत (इंजेक्शनच्या बाटल्यांसोबत) डिस्क, ब्रॉथ आणि काचेच्या नळ्यांचीही तरतूद करावी, ही विनंती.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र व अतिदक्षता विभागांतील डॉक्टर आणि औषधनिर्माते