बाजारातल्या मुनिया 'मजेत' नाहीत

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका आठवडी बाजारात हातभर पिंजऱ्यात कोंबलेल्या मुनिया (छोटी, दाणे टिपणारी रानपाखरं) विकायला होत्या. काहींच्या अंगाला हिरवा रंग फासलेला. 'दाणे खातात, गातात, मजेत आहेत,' असं विकणारा सांगत होता आणि लोकांना ते पटत होतं. म्हणून हे पत्र.

भीती वाटली की पक्ष्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हा हार्मोन वाढतो. तो इतक्या झपाट्यानं चढतो की पाखरू जाळ्यात सापडल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्त घेतलं, तरच अभ्यासकांना त्याची मूळची पातळी मिळते. रानात हाच हार्मोन जीव वाचवतो. शिक्रा झेपावला की चढतो, शिक्रा गेला की उतरतो. पिंजऱ्यासमोरून माणसं, मांजरं, गाड्यांचे हॉर्न काही हटत नाहीत. रानातून धरून कोंडलेल्या चिमण्यांमध्ये सुरुवातीचे दिवस ही पातळी चढलेली आढळली आहे. ती तशीच राहिली तर रोगाशी झुंजायची ताकद घटते, नवं पीस धड वाढत नाही.

'पुढं सवय होते' असंही म्हणतात. काही जाती रुळतात, हे खरं. पिंजऱ्यातच पिढ्या गेलेल्या झेब्रा फिंच या परदेशी पाळीव पाखरांची गोष्टच वेगळी. पण भोरडीच्या कुळातल्या युरोपीय मैनांना वारंवार त्रास देऊन २००७ साली अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा हार्मोन वाढण्याऐवजी घटला आणि वाढलेल्या पिल्लांची संख्याही कमी राहिली. म्हणजे पाखरू गप्प झालं म्हणून ते सुखात आहे असं धरता येत नाही.

लहानपणी आमच्या पडवीतही बुलबुलाचा पिंजरा होता. कुणी जवळ गेलं की तो जाळीवर आपटायचा, कपाळावरची पिसं गेलेली. 'लाडात आलाय' म्हणायचो आम्ही. आज आठवलं की पोटात कालवतं.

गाणं ऐकायचंय त्यानं पावसाळ्यात पहाटे खानापूरच्या रानातल्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर ऐकावा.

आपले रानपक्षी धरणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वनखात्यानं सणासुदीच्या बाजारांत फेरी मारावी. वाचकांनीही दया येऊन पैसे देऊन पाखरं सोडवू नयेत, त्या पैशांतून पुढच्या बाजाराला नवी धरली जातात. त्याऐवजी वनखात्याला कळवावं. आपण तालुकावार वनाधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक छापावेत, आणि बाजारात या क्रमांकांचे फलक मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लागावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)