दोचुलाचे चोर्तेन चढण्यासाठी नाहीत

महोदय,

सुट्टीत भूतानला जाणे मराठी घरांना आता नवलाचे राहिलेले नाही, आणि दुचाकीस्वारांच्या गटांना तर त्या देशाचे विशेष आकर्षण आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अशाच सहलीत महाराष्ट्रातील एक दुचाकीस्वार दोचुला खिंडीतील एका चोर्तेनवर, म्हणजे बौद्ध स्तूपावर, चढून उभा राहिला. ते छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरताच भूतानमध्ये संताप उसळला, पोलिसांनी त्याची चौकशी केली आणि त्याला माफी मागावी लागली. आपल्याकडे मात्र 'एका अतिउत्साही तरुणाचा आगाऊपणा' एवढ्यावरच विषय मिटला. ते चोर्तेन तिथे कशासाठी उभे आहेत, हे फारसे कोणी सांगितले नाही.

थिंफूहून पुनाखाकडे जाताना सुमारे ३,१०० मीटर उंचीवर दिसणारे हे १०८ चोर्तेन म्हणजे लष्करी स्मारक आहे. आसाम आणि उत्तर बंगालमधील उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या सशस्त्र फुटीरतावादी संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. बोलणी निष्फळ ठरल्यावर डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने ते तळ उद्ध्वस्त केले. त्या कारवाईत प्राण गमावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राजमाता दोरजी वांगमो वांगचुक यांनी ते उभारले. म्हणजेच ज्यांनी भारताविरुद्ध शस्त्र उचललेल्यांशी लढताना जीव दिला, त्यांच्या स्मारकावर एक भारतीय पाय देऊन उभा राहिला होता.

'तिकडच्या प्रथा माहीत नव्हत्या' ही सबब येथे टिकत नाही. चोर्तेन उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची, मंदिरात जाताना पादत्राणे आणि टोपी काढायची, गाभाऱ्यात छायाचित्रे घ्यायची नाहीत, यांपैकी कोणती गोष्ट मराठी माणसाला अनोळखी आहे? (अर्थात आपल्याच गडांच्या तटांवर नावे कोरणारे आपल्यातच आहेत, त्यामुळे घरची शिस्त परदेशी नेण्याची भाषाही जपूनच करावी लागते.) तरीही झोंगमध्ये (मठ आणि सरकारी कचेऱ्या असलेल्या किल्ल्यात) अर्ध्या चड्डीत शिरण्यासाठी पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे किंवा प्रार्थना चालू असताना मोठ्याने बोलणारे महाभाग दिसतातच.

पूर्वी भारतीयांना भूतानमध्ये पर्यटन शुल्क नव्हते; आता प्रौढ व्यक्तीस प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये भरावे लागतात. त्या एका छायाचित्रामुळे शुल्क लागले असे मुळीच नाही, परंतु पर्यटकांची अनिर्बंध गर्दी आवरणे हा त्यामागचा उघड हेतू आहे. 'एवढे पैसे मोजल्यावर आम्हाला कोण अडवणार' असा सूर ऐकू येतो, तो संतापजनक आहे. शुल्क भरून भेटीची परवानगी मिळते, वाटेल तसे वागण्याची नव्हे.

बहुतेक सहलींबरोबर स्थानिक गाइड असतो, पण तो पाहुण्यांना कितपत टोकणार? खरी जबाबदारी येथून गट नेणाऱ्या सहल कंपन्यांची आणि दुचाकीस्वारांच्या गटप्रमुखांची आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत थंडीचे कपडे, सिमकार्ड आणि शाकाहारी जेवण यांवर तासभर चर्चा होते; त्यातली दहा मिनिटे दोचुला आणि झोंगमधील नियमांसाठी राखून ठेवावीत. पर्यटकांच्या हाती दिल्या जाणाऱ्या छापील कार्यक्रमातही ते नियम जेवणाच्या तपशिलाइतक्याच ठळक अक्षरांत असावेत.

– एक वाचक, ठाणे