'कुठेही तंबू ठोका' म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडमधल्या कॅम्पिंगवर लेख आला होता. फोटो झकास होते, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यातल्या एका वाक्यानं आमची पार फजिती केली म्हणून हे पत्र. लेखात म्हटलं होतं की तिकडे कुठेही गाडी लावा, तंबू ठोका, कुणी हटकत नाही. मुलगा ग्लासगोला असतो, आम्ही दोघं जूनमध्ये गेलो होतो, मीच तो लेख त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वर 'बघ, तुला तिथे राहून माहीत नाही' असंही लिहिलं, ते आता तो दर रविवारी फोनवर ऐकवतो.

तर लॉख लोमंडच्या काठी (लॉक नाही हो, लॉख, घशातून, म्हणजे सरोवर) रस्त्यालगत गाडी लावून पाण्याजवळ तंबू उभा केला. संध्याकाळचे साडेआठ, ऊन अजून होतंच, सूनबाई चहाचं आधण ठेवतेय तोवर रेंजर आला आणि हसून विचारलं, परमिट आहे का? कसलं परमिट! त्यानं फोनवर नकाशा काढून दाखवला. तो सगळा परिसर नॅशनल पार्कमधे येतो आणि तिथे 2017 पासून नियम आहे, 1 मार्च ते 30 सप्टेंबर ठरावीक पट्ट्यात तंबू लावायचा तर आधी ऑनलाइन परमिट काढावं लागतं. माणूस एवढा सौजन्यानं बोलत होता की जास्तच लाज वाटली.

बरं, आवरायला घेतलं तर वारा पडला आणि मिज आले. मिज म्हणजे आपल्या चिलटासारखा दीड-दोन मिलिमीटरचा किडा, चावते ती मादी, रक्तासाठी. एकटी कधी येत नाही, ढगच येतो. कानात, भुवयांत, चष्म्याच्या आत. बायकोनं ओढणी तोंडाला गुंडाळली, मी एका हातानं तंबूचे खुंटे उपटतोय आणि दुसऱ्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतोय, आणि मुलगा गाडीत काचा वर करून बसून सूचना देतोय! नंतर कळलं की ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून जाणकार तंबू वाऱ्यावर, उघड्यावर लावतात, आणि आम्ही शोधून शोधून आडोसा धरला होता. मे अखेर ते सप्टेंबर हा त्यांचा सीझन, त्यातही पश्चिमेकडे जास्त. चेहऱ्यावर घालायची बारीक जाळी तिकडे दुकानात सहज मिळते. लेखात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आता मुद्दा. लेखक अगदीच खोटं लिहीत होते असं नाही. 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्यानं स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर, खासगी असली तरी, जायचा आणि तंबू टाकून राहायचा हक्क दिलाय, इंग्लंडमध्ये एक डार्टमूरचं माळरान सोडलं तर असं नाही. पण हा हक्क पायी किंवा सायकलवर येणाऱ्याला आहे, गाडीला नाही, गाडीत झोपणं त्यात येतच नाही. शिवाय माणसं थोडी हवीत, मुक्काम दोन-तीन रात्रींचा, कुणाच्या घराजवळ नाही, पिकाच्या शेतात नाही, शेकोटीऐवजी शक्यतो स्टोव्ह, आणि उठलो की जागा होती तशी. म्हणजे 'कुठेही' हा शब्द खरा ठरायला एवढं सगळं लागतं, आणि तेच नेमकं गाळलं होतं.

त्यानंतर आम्ही शहाण्यासारखं दोनएक तासांवरच्या ॲबरफेल्डीला रीतसर कॅम्पसाइट बुक केली. टे नदीच्या काठचं टुमदार गाव, टे म्हणजे स्कॉटलंडमधली सगळ्यात लांब नदी. पैसे भरून राहण्यात कमीपणा वाटायचा तो पहिल्या गरम शॉवरला गेला. भांडी घासायला वेगळं सिंक, गरम पाणी, अजून काय पाहिजे. गॅसचं कॅनिस्टर मात्र तिकडे पोचल्यावरच घ्या, विमानात नेऊ देत नाहीत. दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो आणि पहाटे साडेचारला परत हजर, डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या.

गावात नदीवर पाच कमानींचा, ब्रिटिश सैन्यातल्या जनरल वेडचा पूल आहे, 1733 चा. बंडखोर हायलँडर्सवर, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागातल्या लोकांवर, वचक ठेवायला सैन्याच्या रस्त्यासाठी बांधलेला (साहेबानं रस्ते कुणाच्या सोयीसाठी बांधले हे आपल्याला कुणी सांगायला नको). शेजारीच ब्लॅक वॉच रेजिमेंटचं स्मारक, वर किल्टवाला शिपाई. गावातूनच बर्चच्या झाडीत ओढ्याकाठानं धबधब्यापर्यंत चढत जाणारी वाट आहे, स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स 1787 मध्ये इथे आला आणि त्यानं गाणं लिहिलं, आता त्याचा पुतळा वाटेतल्या बाकावर बसलाय. बायको दमून त्याच्याच शेजारी टेकली आणि म्हणाली, तुम्ही या वर जाऊन, मला सोबत आहे. गावाच्या कडेला 1898 मध्ये सुरू झालेली व्हिस्कीची डिस्टिलरीपण आहे, मी फक्त वास घेतला असं घरी सांगितलंय.

सकाळी पोहे केले, फोडणीचा वास गेला तसे शेजारच्या तंबूतले आजोबा चौकशीला आले, बायकोनं वाटीभर दिले. संध्याकाळी वाटी परत आली ती धुऊन पुसून, आत शॉर्टब्रेडचे, म्हणजे तिकडच्या लोणीदार बिस्किटांचे, चार तुकडे. रिकामं भांडं परत करायचं नाही हे यांच्यातही असतं का, असं बायकोनं विचारलं, मी म्हटलं विचार की त्यांनाच, पण तिचं इंग्रजी पोह्यांपुरतंच निघालं.

तेव्हा संपादकसाहेब, लेख जरूर छापा, आपली बरीच मंडळी हल्ली मुलांकडे तिकडे जातात, फक्त परमिटचे पट्टे, गाडीची भानगड आणि मिज एवढं चौकटीत टाका. माझ्या साडूंनी तो लेख कापून फ्रिजवर लावलाय, ऑगस्टचं तिकीट काढलंय आणि माझं ते ऐकत नाहीत, छापून आलेलं तेवढं ऐकतात. खुलासा जुलैच्या आत आला तर बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे