या दिवाळीला मी येत नाहीये

दापोली,
रविवार, 24 ऑक्टोबर 2021

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, पाकीट फोडायच्या आधी तुम्ही पिनकोड तपासला असणार. सहाही आकडे चौकटीत बसवलेत, पत्ता खाली उजवीकडे घेतलाय. बत्तीस वर्षं गावाचं पोस्ट सांभाळलेल्या माणसाला पत्र धाडायचं म्हणजे अजून हाताला घाम सुटतो.

फोनवर सांगता आलं असतं. दोनदा लावायला घेतलाही. पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि आईकडे देता. आई नुसती "हं" म्हणते. त्या "हं"ला माझ्याकडे कधीच उत्तर नसतं. म्हणून आधीच लिहून टाकते. दिवाळीला मी येत नाहीये.

बाबा, इथे थांबा आणि आईला पाणी द्या. मग पुढचं वाचून दाखवा.

चिऊ आणि तुमचे जावई येताहेत. वसुबारसेला इथून निघतील, पुण्यात मुक्काम करतील आणि धनत्रयोदशीला दुपारपर्यंत अंबाजोगाईत उतरतील. फराळ त्यांच्यासोबत आहे. आई, चकलीची भाजणी तुझ्याच मापाने केली, तरी इथल्या दमट हवेत चकल्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. उन्हात ताटलीत पसरून ठेव, आपल्याकडची हवा लागली की होतील कुरकुरीत. दादाला भाऊबीजेला माझ्या वाटणीचं चिऊ ओवाळेल. ओवाळणी मात्र माझीच, तिच्या हातात देऊ नका म्हणावं, ती दुकानात संपवते.

आता कारणं. सुट्टीचं पत्रक अजून आलेलं नाही. 12 नोव्हेंबरला पाचवीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे, आणि माझ्या पाचवीतली निम्मी मुलं जोडाक्षर आलं की गाडी घाटात अडकावी तशी थांबतात. ती तिसरीत होती तेव्हा शाळा बंद झाली आणि आता एकदम पाचवीत येऊन बसली आहेत. शिवाय प्रवास मोठा, गर्दी मोठी, कोरोनाच्या तिसऱ्या लाटेचं अजून कोणी खात्रीने सांगत नाही. हे सगळं मी जावयांनाही ऐकवलं. ते चहा पिता पिता म्हणाले, "आता खरं कारण लिही."

तर खरं कारण.

4 तारखेला शाळा उघडली. पाचवी ते सातवी मिळून सतरा मुलं. पहिली ते चौथीला अजून परवानगी नाही, ती गडग्यावर बसून आत बघतात. तुम्ही टीव्हीवर रांगोळ्या आणि गुलाबाची फुलं पाहिलीत म्हणालात ना, तसं आमच्याकडेही झालं. "माझे विद्यार्थी, माझी जबाबदारी"चा फलक लावला, प्रत्येकाच्या कपाळाला ताप मोजायची बंदूक लावली. एका पोरीने बंदूक बघून डोळेच मिटले.

टीव्हीवर दिसलं नाही ते असं, की वर्ग फार गप्प होता. बारा वर्षांत इतका शहाणा वर्ग मला कधी मिळाला नव्हता, आणि मला भीतीच वाटली. सहावीतल्या एकीला कविता म्हणायला उभं केलं, तर म्हणण्याआधी तिने विचारलं, "बाई, आवाज येतोय का?" मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. दीड वर्ष ही मुलं सड्यावर जाऊन रेंज शोधत होती, कातळावर बसून एका फोनवर तिघं-चौघं. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांच्या पडवीत मी आठवड्याला अभ्यासाचे कागद देऊन यायचे. टीव्हीवर टिलीमिली लागायचं तेव्हा वाडीतली मुलं एकाच घरात जमायची, तेही वीज असेल तर. निसर्ग वादळानंतर इथे वीज किती दिवस नव्हती ते तुम्हाला सांगायला नको, नऊ दिवस माझा फोन लागला नव्हता तेव्हा आईने अन्न सोडलं होतं.

खिचडी अजून शाळेत शिजत नाही. तांदूळ, डाळ घरी देतो. मुलं घरून डबा आणतात आणि आम्ही खडूने आखलेल्या गोलात एकेकटी बसून खातात. वाटून खायचं नाही असा नियम. परवा पाहिलं, सातवीतल्या एकाने डब्याच्या झाकणात लोणच्याची फोड ठेवली आणि लाकडी पट्टीने ते झाकण सरकवत सरकवत पुढच्या गोलात नेलं. हात कुठे लावला नाही. पुढच्याने फोड घेतली, झाकणात अर्धं घावण ठेवलं आणि आपल्या पट्टीने परत ढकललं. मी फळ्याकडे तोंड केलं. बाबा, नियम मोडला, कळतं मला.

पण एक पोरगा कुठल्याच गोलात बसत नाही. नाव लिहीत नाही, कारण तुम्ही हे पत्र पारावर वाचून दाखवणार. मुंबईचं पोर. गेल्या वर्षी मे महिन्यात चाकरमानी गावाला आले तेव्हा यांच्यातलं कोणी आलं नव्हतं, बापाने खोली आणि काम धरून ठेवलं होतं. या एप्रिलमध्ये बाप गेला. आई घरकाम करून तिथेच राहिली आणि याला आजीकडे सोडलं. पाचवीत आहे. बालसंगोपन योजनेचा फॉर्म मी भरून दिला, मृत्यूच्या दाखल्यासाठी दोन महिने पळापळ झाली, ते असो. पोर वर्गात येत नाही. व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसतं, खिडकीतून फळा बघतं, वही पूर्ण करतं. आत ये म्हटलं की मास्क डोळ्यांपर्यंत ओढतं. आजी म्हणते, "बाय, त्याला आत नको घेव, तो रात्रीचापन अंगणात झोपतो."

दुसऱ्या दिवशी चित्र रंगवता रंगवता मला म्हणाला, "बाई, मी खाली खेळायला गेलो होतो." बस, एवढंच. मी आजीला विचारलं तेव्हा कळलं. मनाई असताना हा चाळीच्या मागे क्रिकेट खेळायला उतरला, चार दिवसांनी बापाला ताप आला. घरात कोणी त्याला एक शब्द बोललेलं नाही. त्याने आपणच हिशेब मांडून ठेवलाय.

आई, मला 93 साल आठवलं.

त्या पहाटे बाबांनी मला बाजेसकट बाहेर काढलं होतं ना. नऊ वर्षांची होते मी. आपल्याकडे नुसत्या भिंती तडकल्या, पण किल्लारीकडून येणारे लोक सांगायचे, की माणसं भूकंपाने नाही, धाब्याच्या मातीखाली आणि दगडांखाली गेली. आणि आपलं घरही धाब्याचंच. मी घरात पाऊल ठेवेना. शेजारची पोरं पंधरा दिवसांत आत झोपायला लागली, मी लिंबाखालीच. बाबा माझं मनगट धरून झोपायचे. झोपेत सुटलं की मी उठवायचे. कोणी मला भित्री म्हटलं नाही. आत्याने एकदा म्हटलं तर बाबांनी तिला चहा न देताच लावून दिलं होतं.

आणि बाज रोज घराकडे सरकायची. मला कित्येक दिवस पत्ताच नव्हता. एका सकाळी जाग आली तर डोक्यावर लिंब नव्हता, वसरीचं छप्पर होतं. मी रडले नाही. उठून चूळ भरली आणि शाळेत गेले. ते बाबांचं काम असं मी समजत होते. लग्नात आत्या म्हणाली, सरकवणारी, आई, तू होतीस.

तेच करतेय इथे. त्याचं बस्कर खांबापाशी होतं. रोज सकाळी मुलं यायच्या आधी एक फरशी दाराकडे घेते. तो बघतो, बोलत नाही, बसतो. खांबापासून उंबऱ्यापर्यंत अकरा फरश्या. दसऱ्यापर्यंत आठ झाल्या होत्या. मग तीन दिवस शाळा बंद राहिली, आणि सोमवारी येऊन बघते तर त्याने बस्कर उचलून पुन्हा खांबापाशी नेलेलं. पहिल्यापासून सुरू. तालुक्याच्या समुपदेशक बाईंना फोन केला, त्याही म्हणाल्या, घाई नको, खंडही नको. तीन दिवसांत आठ फरश्या गेल्या, दिवाळीच्या सुट्टीत काय होईल सांगा. म्हणून सुट्टीत रोज सकाळी दोन तास मी शाळा उघडणार आहे. वाचनाला कच्ची आणखी पाचसहा मुलं येतील, म्हणजे त्यालाही ते आपल्या एकट्यासाठी आहे असं वाटणार नाही.

हे लिहून झालं आणि पेन खाली ठेवला. कारण पुढचं तुम्ही मनात म्हणालच, म्हणणार नसलात तरी मी म्हणते. दुसऱ्याच्या पोरासाठी थांबते, आणि एप्रिलमध्ये बापासाठी आली नाही. बाबा, तुम्ही दवाखान्यात होतात ते अकरा दिवस मी इथे चेकपोस्टवर गाड्यांचे नंबर लिहीत होते. दादा रोज रात्री ऑक्सिजनचा आकडा कळवायचा, 88, 86, 91. मी तो आकडा वहीच्या मागे लिहायचे. रजा मागितली होती, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मिळाली नाही. भांडून निघायला हवं होतं, ते सुचलं नाही, आणि आता ते कोणत्याच दिवाळीला भरून निघणार नाही. तुम्ही घरी आल्यावर फोनवर पहिलं वाक्य काय बोललात आठवतंय? "तिकडे पाऊस आहे का?" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. राग धरला असतात तर बरं झालं असतं.

असो. माझी काळजी करू नका. कौलं सगळी नवी आहेत, वर पत्राही मारलाय. पाणी दारात येतं. शेजारच्या काकू रोज काही ना काही वाटीत घालून पाठवतात. मासे मी अजून खात नाही. तुमची नात खाते आणि काट्यासकट खाते, ते तिच्या तोंडून ऐकून दचकू नका.

आता तुमचं. बाबा, हे वाचून दाखवताना गाळू नका, जावयांकडे याची प्रत आहे.

पहिला डोस 20 जुलैला घेतलात. 84 दिवस कधीच उलटून गेले. कवच कुंडल मोहिमेत आरोग्य केंद्राचे लोक गावात येऊन गेले तेव्हा तुम्ही शेतात होतात म्हणे. सोयाबीन तर गुलाब वादळाच्या पावसात गेलं होतं, शेतात करत काय होतात? मांजरा धरणाचं पाणी रानात शिरलं त्याचे फोटो दादाने पाठवले, मी दोन दिवस नीट जेवले नाही. पंचनामा झाला असेल तर कागद जपून ठेवा आणि बांधावर जाऊन उभं राहणं बंद करा. या आठवड्यात दुसरा डोस. घेतला की मेसेजचा फोटो पाठवायचा.

आज चतुर्थी आहे, म्हणजे उपवास धरला असेल. त्या औषधांनी साखर वाढली आहे, डॉक्टरांनी उपाशी राहू नका म्हटलंय. गणपतीला मी सांगते, तो समजून घेईल. तुम्ही भाकरी खा.

आई, तू पुन्हा चूल पेटवायला लागलीस. मला चिऊने सांगितलं, व्हिडिओत मागे धूर दिसला. सिलिंडर 900 च्या वर गेला हे खरं, पण बाबांच्या छातीला तो धूर नको. सिलिंडरचे पैसे मी दर महिन्याला दादाच्या खात्यावर टाकतेय, तो देत नसेल तर कळव. पाणी तापवायलाही चूल नको. गुडघ्याला तेल रात्री लाव, सकाळी नाही.

आणि एक काम सांगते, जमलं तर बघ. दसरा झाला, म्हणजे गावातली कोयत्यावाली माणसं ऊसतोडीला निघाली असतील. त्यांची पोरं म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली असतात. ती संध्याकाळी आपल्या वसरीत येऊ देत. शिकवायचं काही नाही. तू शेंगा सोलत बस, ती बसतील. जावयांसोबत दहा पाटीवह्या आणि खडू पाठवतेय.

बदलीचं तुम्ही दर फोनला विचारता. अजून काही हललेलं नाही. हललं की भरेन. बहुतेक भरेन. यावर आत्ता नको बोलायला.

येळवसला रानातल्या पूजेला मी येतेय. 2 जानेवारीला आहे, रविवार आहे, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आंबिलाचं मडकं मी डोक्यावर घेणार, आई, तू नाही. भज्जी मात्र तूच कर, मला ती जमत नाही.

चिऊला झोपताना मनगट धरायची सवय आहे. कोणाकडून आली माहीत नाही. बाबा, तेवढं बघा.

तुमची,
बायडी

ता. क. आई, एक विचारायचं राहिलं. तू बाज रोज किती सरकवायचीस? मला हातभर आठवतं. काल मी दोन फरश्या घेतल्या तर त्याने एक मागे केली. फोनवर नको सांगूस, बाबांकडून लिहवून घे.